आठवी जागा

ताईने फळ्यावरचं कालचं गणित पुसलं आणि पुन्हा तेच गणित लिहिलं, जरा वळणदार अक्षरात. मग कसं दिसतंय ते पाहायला दोन पावलं मागे सरकली, तर पाठ चालकाच्या सीटला लागली. ती सीट, पुढचं स्टिअरिंग आणि मागच्या काही सीटा एवढंच या बसमध्ये बस म्हणून उरलं होतं. इंजिन, चाकं, दिवे, काचा कधीच निघाल्या होत्या. डेपोच्या मागच्या कुंपणाला लागून विटांवर उभ्या असलेल्या या सांगाड्यात दोन वर्षं रोज संध्याकाळी तिचा वर्ग भरत होता. गाड्या धुणाऱ्या बायकांची सोळा मुलं. कुणी सीटवर, कुणी खाली, कुणी खिडकीत पाय बाहेर सोडून. आज मात्र सकाळीच सगळ्यांना बोलावलं होतं आणि केस विंचरून या असं बजावलं होतं.

बाहेर धुलाईच्या फरशीवर दुसरी बस उभी होती. नवीकोरी, पिवळीधमक. तिच्या अंगावर आठ मोठी वर्तुळं होती. सात वर्तुळांत सात तरुण चेहरे रंगवलेले, आठवं पांढरं. टपावरच्या भोंग्यातून पहाटेपासून एकच घोषणा चालू होती. गावोगाव फिरून, समाजासाठी काही करणारी तरुण मुलं शोधून त्यांचा गौरव करणारी ही गाडी. लोक तिला नुसतं ‘तरुणांची गाडी’ म्हणत. प्रत्येक थांब्यावर ती एकाला बरोबर घ्यायची. शेवटच्या थांब्यानंतर त्या आठ जणांना एका मोठ्या संस्थेत वर्षभराचं शिक्षण आणि मग तिथंच काम. हा आठवा थांबा होता.

“पाऊल उचला, जग बदला,” गोगल गाडीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होती.

“जग नंतर बदल. आधी ती बादली उचल,” तिची आई म्हणाली. तिच्या हातात पाण्याची नळी होती.

शेजारच्या बायका हसल्या. आईही हसली, पण हसताना तिने मान अशी काही वळवली की, ऐकलंत ना कशी एका दमात वाचते, हे सगळ्यांना कळावं.

गोगल अकरा वर्षांची. खरं तर गोगलगाय. वर्गात सगळ्यांत हळू शिकणारी म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव, पुढे झिजून गोगल झालेलं. आठ महिने तिला अक्षरं ओळखीची होईनात. आज ओळखलेला ‘भ’ उद्या तिच्याकडे परक्यासारखा बघायचा. ताईने तिच्यासाठी किती उपाय केले! वाळूत बोटाने अक्षरं काढून घेतली, पाठीवर बोट फिरवून ओळखायला लावली. मग एका संध्याकाळी, काहीच विशेष कारण नसताना, गोगलने खिडकीबाहेरच्या पाटीवरचं ‘आत येण्यास मनाई’ सलग वाचलं आणि स्वतःच दचकली. त्यानंतर ती थांबलीच नाही.

मुकादम गाड्यांची यादी घेऊन आला. धुतलेल्या गाडीवरून बोट फिरवून ते त्याने बायकांना दाखवलं.

“ही काय धुलाई? आणि तुझी पोर कधी येतेय कामावर? सीटखाली शिरायला लहान अंग लागतं. या सगळ्या आता शिरल्या की अडकतात.”

“तुम्ही शिरून दाखवा आधी,” एक जण म्हणाली. मुकादमाच्या पोटाकडे बघून पुन्हा हशा झाला.

“शिकतेय ती,” गोगलची आई म्हणाली. “आपलं ठरलंय. शिकतेय तोवर नाही.”

“आणि शिकली नाही तर?”

“तर तुमच्या बादल्या कुठं पळून जातायत?”

हा करार दोन वर्षं जुना होता. मुकादमाने तो मोडला नव्हता, कारण गोगलची आई एकटी दोघींचं काम करत होती. रोज काम आवरल्यावर ती कपड्यांच्या घड्या घालायची आणि गोगल तिला गोष्ट वाचून दाखवायची. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती नुसती ऐकायची आणि हसायच्या जागी हसायची.

“ताई, झालं का?” दारातून आवाज आला.

दारात कप्तान उभा होता, पिवळ्या गाडीचा म्होरक्या. त्याचं हे नाव गाडीतल्या मुलांनी ठेवलं होतं. वय चोवीस, डोक्यावर उलटी टोपी, आवाज इतका गोड की रागावला तरी कळू नये. त्याने फळा पाहिला, विटा पाहिल्या, खिडकीतल्या मुलांना चिमटे काढत पुढे आला आणि चालकाच्या सीटवर बसून रिकामं स्टिअरिंग फिरवलं.

“कमाल आहे. न चालणारी बस, आणि त्यातून मुलं पुढे चाललीत. हे वाक्य मी घेणार.”

“घ्या की,” ताई म्हणाली.

“घे. आमच्या गाडीत सगळे तू. तुझं नाव जवळजवळ पक्कं आहे, ऐक. फक्त फाइलवाल्या बाईंची सही राहिलीय.”

फाइलवाल्या बाई म्हणजे यात्रेला पैसे देणाऱ्या कंपनीच्या अधिकारी. त्या गाडीत पहिल्या सीटवर, मांडीवर फाइल ठेवून बसलेल्या असत. त्यांनी कालच ताईकडून एका कागदावर सही घेतली होती. चित्रणात दाखवलेलं सारं खरं आहे, एवढंच त्यावर होतं.

“त्या बाई खोट्याला फार कडक,” कप्तान हसत म्हणाला. “सहाव्या थांब्यावर एक झाडंवाला होता. पाचशे झाडं जगवली म्हणाला. चित्रण करताना एक झाड हलकेच उपटून आलं, तर खाली कुंडी! रोपवाटिकेतून आणून कुंडीसकट पुरलेली सगळी. बाईंनी त्याला फाट्यावर उतरवला. सामानासकट. चेहरा रंगवून झाला होता बिचाऱ्याचा, त्यावरच दुसरा काढला. नीट बघितलंस तर सहाव्या मुलीला मिशी दिसते.”

ताई हसली. हसताना तिने फळ्याची कड घट्ट धरली होती.

ती डेपोतच हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कामाला होती. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट. ते न्यायला कुणी येत नसे आणि ते टाकता येत नसत. घर भावाचं होतं. तिचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली. वहिनी सकाळी ओलांडून जाताना म्हणायची, “उठा, समाजसुधारक. चहाला जागा द्या.” भाऊ ते ऐकून पेपर वर धरायचा. बाविसाव्या वर्षी ताईला आपलं पुढचं आयुष्य त्या खिडकीतून स्पष्ट दिसत होतं, कपाटातल्या छत्र्यांच्या रांगेसारखं.

चित्रण सुरू झालं. गोगलने सांगितलेलं पान वाचलं. पूर्णविरामाला थांबून, प्रश्नाला आवाज वर नेऊन, आणि गोष्टीतल्या म्हाताऱ्याचं बोलणं म्हाताऱ्याच्या आवाजात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताईचा ऊर भरून आला.

“सुंदर,” कप्तान म्हणाला. “आता हीच आधी कशी वाचायची ते हवं.”

“तेव्हा कुठे कॅमेरा होता?”

“म्हणून आत्ता घ्यायचं. घडलेलंच पुन्हा घडवायचं. यात खोटं काय आहे? ही अडखळायची, हे खरं ना?”

“खरं.”

“मग झालं तर.”

ताई गोगलशेजारी जाऊन बसली आणि तिला सगळं समजावून सांगितलं. गोगलने कपाळाला आठ्या घातल्या.

“पण मला येतंय की.”

“येतंयच. येत नाही असं करायचं. खेळ.”

“कशाला?”

“म्हणजे लोकांना कळेल, तू केवढं शिकलीस.”

हे गोगलला पटलं. तिने पुस्तक धरलं, एक अक्षर वाचलं आणि तिला हसू फुटलं. दुसऱ्यांदा तिने डोळे इतके बारीक केले की मुलंच लोळायला लागली. तिसऱ्यांदा ती ‘अ... अ... अ...’ करत शिंकली. कॅमेरावाल्याने यंत्र खाली ठेवलं.

“ती करतेय हे दिसतंय,” कप्तान म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं. “राहू दे. जमत नसेल तर नको. फक्त मग तुझ्या कामाचं काही उरत नाही गं. एक हुशार मुलगी छान वाचते, यात ताईने काय केलं? बाई हेच विचारतील.”

ताई उठली. मग तिने बाकीच्या मुलांना खाली उतरवलं. गोगलच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं आणि तिच्या अगदी कानाशी वाकली. मूल कुठे अडतं हे तिला नेहमी कळायचं. तिच्या हाताला तो गुणच होता.

“गोगल, तुला तो दिवस आठवतो? तुला ‘घर’ वाचता आलं नाही तो?”

गोगलने मागच्या सीटकडे पाहिलं.

“सगळ्यांना आलं. बारक्यालासुद्धा. आणि सगळे हसले. तू त्या मागच्या सीटखाली जाऊन बसलीस. मी हाका मारत होते, तू येत नव्हतीस. तुझ्या आईने तुला पाय धरून ओढून काढलं. सगळ्यांसमोर काय म्हणाली ती?”

गोगलने मान खाली घातली.

“काय म्हणाली?”

“दगड,” गोगल पुटपुटली.

ताईने पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. “वाच.”

गोगलने पानावर बोट ठेवलं. पहिल्या अक्षरालाच तिचा आवाज अडकला. दुसरं तिने चुकीचं वाचलं, ते तिलाच कळलं, पुन्हा मागे आली, पुन्हा चुकली. ताई तिच्या शेजारी, तिच्या बोटाखाली आपलं बोट सरकवत, शांतपणे म्हणत होती, “सावकाश. घाई नाही. पुन्हा.” एक थेंब पानावर पडला. कप्तानने श्वास रोखून कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

झाल्यावर त्याने टाळी वाजवली. “अगं, काय शिकवतेस तू! दगडालाही रडवशील.”

गोगलने मान वर केली नाही. ताईने तिला जवळ घेतलं, तिचे डोळे ओढणीने पुसले.

“किती छान केलंस! अस्संच हवं होतं. आता हे आपलं दोघींचं गुपित. गाडी जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही की आपण मुद्दाम केलं.”

“आईला?”

“आईलासुद्धा नाही. उद्या दुपारी पडद्यावर ती आधी तुला अशी बघेल, आणि मग एकदम धडाधड वाचताना. कशी बघत राहील बघ.”

गोगलने नाक ओढलं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. “तिला तर रडूच येईल,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पिवळ्या गाडीचे पडदे ओढून आत पडदा लावला. जागा थोडी, म्हणून मोठी माणसंच आत घेतली. मुलांना फाटकाशी कागदी झेंडे देऊन निरोपासाठी उभं केलं. एकट्या गोगलला मात्र आत सोडलं. तिचं चित्र होतं ना. धुलाईच्या बायका चपला बाहेर काढून आत आल्या आणि मऊ सीटांवर अंग चोरून बसल्या. ही गाडी त्यांनीच धुतली होती, पण आत बसायची ही पहिली वेळ. मुकादम दारातच उभा राहिला. गोगल आईच्या मांडीला चिकटून बसली होती.

“बघ हं, आई. शेवटपर्यंत बघ.”

पडद्यावर विटांवरची बस आली. मग फळा, वळणदार गणित, मुलं, हसणारी ताई. न चालणाऱ्या बसचं ते वाक्य कप्तानच्या आवाजात. मग गोगल. तिचं बोट, तिचे ओठ, अडकलेला आवाज, चूक, पुन्हा चूक. गाडीत एवढी शांतता झाली की पडद्यावरच्या गोगलचा हुंदकासुद्धा ऐकू आला. ताईचा हात तिच्या बोटाखाली सरकत होता. “सावकाश. घाई नाही. पुन्हा.” चित्र तिथंच गोठलं. खाली अक्षरं उमटली आणि कप्तानच्या आवाजाने ती वाचून दाखवली.

“दोन वर्षं. ही ताई थकलेली नाही. काम अजून बाकी आहे.”

पडदा पांढरा झाला. फाइलवाल्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

“थांबा,” गोगल उभी राहून म्हणाली. “अजून आहे. मी अजून येणार आहे.”

कुणीतरी खिडक्यांचे पडदे सरकवले. ऊन आत आलं.

“संपलं, बाळ,” मुकादम म्हणाला. “आलीस तेवढी पुष्कळ आलीस.”

ताई कप्तानजवळ पोचली तेव्हा तो तारा गुंडाळत होता.

“दुसरं कुठे आहे? ती वाचते ते?”

“काढलं.”

“काढलं म्हणजे?”

“दोन्ही लावून पाहिले गं. पण ती वाचायला लागली की गोष्ट संपते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. काम बाकी आहे म्हटलं की बाई खिशात हात घालतात.” तो तार तशीच गुंडाळत राहिला. “त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, बघितलंस ना? तुझं पत्र त्या लिहितायत आत्ता.”

“पण हे खोटं झालं.”

“हळू.” कप्तानने पुढच्या सीटकडे एक नजर टाकली. आवाज तसाच गोड होता. “सही तुझी आहे, माझी नाही. आणि पुढचा फाटा इथून फार लांब नाही.”

ताई खाली उतरली. धुलाईच्या फरशीवर बायकांचा घोळका झाला होता. मध्ये गोगलची आई उभी, तिच्यासमोर गोगल.

“ते खोटं होतं गं आई. मला येतं. मी रोज वाचते की तुला.”

“मला काय कळतंय, तू काय वाचतेस ते?” आई म्हणाली. ती ओरडत नव्हती. गाडीतल्या त्या शांततेतून ती अजून बाहेर आलीच नव्हती. “पुस्तक उलटं धरलंस तरी मला कळणार नाही. रोज ती गोष्ट... मनानं रचून सांगत होतीस?”

“नाही!”

“आणि मी हसत होते.”

“काल गाडीवरचं वाचत होती की ही,” एक बाई म्हणाली. “पाऊल उचला का काय ते.”

“ते तर भोंगा सकाळपासून बोंबलत होता,” मुकादम म्हणाला. “माझी कोंबडीसुद्धा म्हणेल आता, पाऊल उचला.” कुणी हसलं नाही, तेव्हा त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्याने काखेतली गाड्यांची यादी काढली आणि गोगलसमोर धरली. “भांडायचं कशाला? मला वाचता येतं. ही पहिली ओळ. वाच बघू. वाचलीस तर पुन्हा तुझं नाव काढणार नाही.”

गोगलने कागद हातात घेतला. पहिल्या ओळीवर तिचे डोळे झरकन फिरले. ताईने ते पाहिलं. गोगलने ओळ वाचून संपवलीही होती. मग ती थांबली. तिने मान वर केली आणि माणसांमधून वाट काढत तिची नजर ताईपर्यंत आली. वाचू का, एवढंच ती नजर विचारत होती.

ताईने तोंड उघडलं.

“अहो, तुम्ही इथे आहात होय,” मागून फाइलवाल्या बाई म्हणाल्या. त्या पायरीवर उभ्या होत्या. हातात फाइल, फाइलवर कागद. “निघायला उशीर होतोय. इथे एक सही करा. आणि इथे. हे काय चाललंय? काही वाद आहे का?”

त्यांनी पेन पुढे केलं. गोगल बघत होती. मुकादम बघत होता. आई ताईकडेच बघत होती, एवढ्या माणसांत खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस असल्यासारखी.

“नाही,” ताई म्हणाली. “वाद नाही.”

तिने पेन घेतलं आणि कागदावर वाकली. इथे. आणि इथे. सही करताना तिने आपलं नाव नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. दुसरी सही संपता संपता तिला गोगलचा आवाज ऐकू आला.

“ब...” गोगल वाचत होती. “ब... न... नाही. ब... स...” ती थांबली, मागे आली, पुन्हा चुकली. सगळं अगदी नीट जमत होतं. या वेळी तिला कुणी काही आठवून द्यायची गरज पडली नाही. शेवटी ती म्हणाली, “मला येत नाही,” आणि कागद मुकादमाच्या हातात परत दिला.

मुकादमाने यादीची घडी घातली. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. “उद्या सहाला,” तो म्हणाला. “फडकं घरून आण.”

आई ताईजवळ आली. हात तिने आधी पदराला पुसले.

“ताई, तुम्हाला बोल लावत नाही मी. तुम्ही केलंत तेवढं कुणी करत नाही. बघितलं मी आत, केवढ्या धीरानं शिकवता. दोन वर्षं या पोरीपायी तुमचा वेळ गेला. दुसरी कुणी असती तर शिकली असती तेवढ्यात.” तिने पदर खोचला. “मला सांगितलं असतंत तर मी आधीच काढली असती तिला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नाही बोललात, होय ना?”

“तसं नाही,” ताई म्हणाली.

“असू दे. मोठं मन तुमचं. जा तुम्ही. चांगलं होऊ दे तुमचं.”

ती वळली. गोगल तिच्या आधीच फरशीच्या टोकाला जाऊन बादलीत फडकी भिजवत बसली होती. तिची पाठ इकडे होती.

गाडी निघाली तेव्हा फाटकाशी मुलांनी झेंडे हलवले. बारका धावत धावत कोपऱ्यापर्यंत आला. ताई खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. गाडीतल्या सात जणांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गाणं सुरू केलं, कुणीतरी तिला चॉकलेट दिलं. कप्तान पुढे उभा राहून पुढच्या रस्त्याचं काहीतरी सांगत होता. डेपोची भिंत संपली, मग दुकानं संपली, मग सरळ रस्ता लागला.

थोड्या वेळाने फाइलवाल्या बाई मागे येऊन तिच्या शेजारी बसल्या. डोळे अजून जरा लाल होते.

“ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नाहीये माझ्या,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं, इतक्या प्रेमाने शिकवूनही एक ओळ येऊ नये. मला वाटतं, तिच्या डोक्यातच काहीतरी कमी असावं. असतात अशी मुलं. बिचारीला कुणी डॉक्टरला दाखवायला हवं होतं. तुम्हाला कधी शंका आली नाही?”

चॉकलेटचा कागद ताईच्या मुठीत होता. तिने तो उलगडला, मांडीवर ठेवून अंगठ्याने सपाट केला आणि त्यावरची बारीक अक्षरं पाहिली.

“आली होती,” ती म्हणाली.